महारोहिणीचे मूळ : प्रस्तावना

हृदयाच्या डाव्या निलयातून निघून सर्व शरीरास शुद्ध रक्त पोहोचविणाऱ्या महारोहिणीचा अगदी आरंभीचा, जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचा भाग म्हणजे तिचे मूळ. आणि एवढ्याशा भागाच्या रोगांवर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला जावा, व त्याची प्रस्तावना लिहिण्याचे काम एखाद्या नामांकित शस्त्रवैद्याकडे न जाता आयुष्यभर नाडी पाहून आणि छातीला नळी लावून चरितार्थ चालविलेल्या माझ्यासारख्या फिजिशियनकडे यावे, या दोन्ही गोष्टींचा खुलासा आरंभीच केलेला बरा. पहिलीचा खुलासा सोपा आहे. हृदयविकार म्हटला की आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थाच्या डोळ्यांपुढे अडथळा, अँजिओग्राफी, स्टेंट आणि बायपास ही चौकडी उभी राहते; फार तर सांधेतापाने खराब झालेल्या झडपा त्याला ऐकून ठाऊक असतात; परंतु ज्या रोगात वर्षानुवर्षे ना छातीत कळ येते, ना धाप लागते, ना रक्ताच्या तपासणीत काही सापडते, आणि तरीही एके दिवशी धडधाकट दिसणारा माणूस तास-दोन तासांत संपतो, त्या रोगाची त्याच्या दप्तरी नोंदच नसते. दुसऱ्या गोष्टीचा खुलासा ग्रंथकर्त्यांनी माझ्याजवळ केला तो असा, की या रोगातील निम्मे काम रोगी शस्त्रवैद्याच्या टेबलावर येण्यापूर्वीच झालेले असते किंवा बिघडलेले असते, आणि ते निम्मे काम ज्यांचे, त्यांच्यापैकीच एकाने चार शब्द लिहावेत. हे म्हणणे मला सर्वस्वी मान्य आहे. किंबहुना निम्म्याहून थोडे अधिकच, असे माझे मत आहे.

मुळाची रचना प्रथम ध्यानी घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे रोग आणि साऱ्या शस्त्रक्रिया या रचनेतूनच उलगडतात. तळाशी निलयाला जोडणारे कडे, त्यावर बसविलेली तीन अर्धचंद्राकृती पाकळ्यांची झडप, प्रत्येक पाकळीच्या मागे भित्तीला आलेला एकेक फुगवटा, आणि हे तिन्ही फुगवटे संपून नळी जेथे पुन्हा सरळ होते ती वरची सीमा, एवढाच हा संसार. तिहींपैकी दोन फुगवट्यांतून खुद्द हृदयाचे पोषण करणाऱ्या दोन हृद्-रोहिणी निघतात; तिसऱ्यातून काहीच निघत नाही. खालच्या अंगाला, उजव्या पाकळीचा आणि या तिसऱ्या पाकळीचा जेथे सांधा होतो त्याच्या निकट, हृदयाच्या ठोक्याचा संदेश निलयांकडे नेणारा तंतूंचा जुडगा जातो, आणि त्या ठिकाणी टाका थोडा खोल पडला तर रोग्यावर जन्मभर पेसमेकर बाळगण्याची पाळी येते. फुगवट्यांना नाव पडले ते बोलोन्याच्या व्हालसाल्व्हाचे. त्याचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १७४० साली, त्याचा शिष्य मोर्गान्यी याने प्रसिद्ध केले. परंतु फुगवटे कशासाठी आहेत हा प्रश्न त्याच्याही दोनशे वर्षे आधी लिओनार्दो दा विंचीने विचारला होता. १५१३ च्या सुमारास त्याने बैलाच्या हृदयावर काम करून या भागाची जी चित्रे काढली, ती आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर येथील संग्रहात आहेत. आणि त्यांच्या कडेला, मेणाचा साचा काढून त्यावरून काचेचे मूळ घडवावे, त्यातून गवताचे बी मिसळलेले पाणी सोडावे व प्रवाह कसा वळतो ते डोळ्यांनी पाहावे, असा बेत त्याने टिपून ठेवला आहे. रक्त पुढे जाता जाता फुगवट्यांत भोवरे धरते, आणि हे भोवरेच पाकळ्यांना मागून हळुवार रेटून मिटण्याच्या तयारीत ठेवतात, असा त्याचा निष्कर्ष होता. ऑक्सफर्डच्या बेलहाउस यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रयोगशाळेत प्रतिकृती करून हेच पुन्हा सिद्ध केले, तेव्हा साडेचारशे वर्षांचा एक जुना दावा निकाली निघाला. ज्यांना वाटते की शरीरातील एखादा बाक वा फुगवटा हा केवळ आकाराचा विलास आहे, त्यांनी हे प्रकरण मुद्दाम वाचावे.

या नळीची भित्ती तीन थरांची असते: आत पातळ अस्तर, बाहेर वेष्टन, आणि मध्ये स्थितिस्थापक तंतूंचे पडद्यांवर पडदे रचून झालेला जाड थर. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा हृदयाचा धक्का या थराला झेलावा लागतो, आणि झेलून पुन्हा मूळ मापावर यावे लागते. तंतूंची वीण जन्मतःच सदोष असली, किंवा रक्तदाबाने, वयाने, दाहाने ती झिजली, की नळी हळूहळू पसरू लागते. आणि एकदा पसरू लागली की भौतिकशास्त्राचा एक निष्ठुर नियम अंमलात येतो, तो असा की आतला दाब तोच राहिला तरी व्यास वाढेल तसा भित्तीवरचा ताण वाढतो. सायकलच्या ट्यूबला आलेला फुगा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजाविण्यास गणित नको. पसरलेल्या मुळाचे पुढे दोन परिणाम संभवतात. पहिला सावकाश: कडे आणि वरची सीमा रुंदावल्यामुळे झडपेच्या पाकळ्या स्वतः निर्दोष असूनही त्यांच्या कडा एकमेकींस भिडत नाहीत, आणि पुढे ढकललेले रक्त काही अंशाने परत निलयात येते. सांधेतापात पाकळीच जाड व आखूड होते. येथे पाकळी शाबूत आणि चौकट बिघडलेली. हा भेद वाचकाने लक्षात ठेवावा, कारण झडप वाचविणाऱ्या शस्त्रक्रियांचा सारा पाया तोच आहे.

रक्त परतण्याचा हा विकार आम्हा नाडी पाहणाऱ्यांचा जुना परिचित. डब्लिनच्या कॉरिगनने १८३२ साली त्याचे जे वर्णन केले, त्यातील उसळून येऊन एकदम कोसळणारी नाडी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. फ्रेंच कवी आल्फ्रेद द म्यूसे याच्या बाबतीत तर निदान घरच्या मंडळींनीच जवळजवळ केले होते: न्याहारीला बसले असता त्याचे डोके नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर किंचित मागेपुढे हलते हे त्याच्या आईच्या व भावाच्या नजरेस आले, ते ऐकून त्याने अंगठा आणि तर्जनी मानेवर दाबून धरली, आणि डोके थांबले. कवी १८५७ साली वारला. भावाने लिहिलेल्या चरित्रातून ही हकीकत वैद्यकात आली आणि त्या लक्षणाला कवीचेच नाव पडले. आज इकोच्या यंत्रापुढे असल्या लक्षणांची मातब्बरी राहिलेली नाही, हे मला ठाऊक आहे. तथापि यंत्रापुढे कोणाला पाठवावयाचे हे ठरविण्यासाठी अद्याप डोळे आणि बोटे लागतात.

दुसरा परिणाम सावकाश नाही. भित्तीचे आतले अस्तर एके ठिकाणी फाटते, आणि दाबाखालचे रक्त त्या चिरेतून मधल्या थरात घुसून भित्तीची दोन पाने उलगडीत पुढे जाते. डॉक्टर याला डिसेक्शन म्हणतात. या रोगाचा सर्वांत प्रसिद्ध जुना दाखला इंग्लंडच्या राजाचा आहे. २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी दुसरा जॉर्ज नेहमीप्रमाणे सहाला उठला, चॉकलेटचा पेला प्याला, शौचकूपात गेला, आणि थोड्याच वेळात आतून पडल्याचा आवाज ऐकून सेवक धावला तो राजा जमिनीवर. त्याचे वय ७६ होते. राजवैद्य फ्रँक निकल्स यांनी शव उघडले तेव्हा हृदयावरणात सुमारे एक पाइंट गोठलेले रक्त साठून त्याने सारे हृदय दाबून टाकलेले दिसले, आणि महारोहिणीच्या आतल्या बाजूस दीड इंचाची आडवी चीर व तिच्यातून बाहेरच्या वेष्टनाखाली शिरलेल्या रक्ताचा उंचवटा आढळला. निकल्स यांनी ही हकीकत पुढील वर्षी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली. रोग्याचा दर्जा राजाचा नसता तर इतक्या बारकाईने ते शव कोणी पाहिले असते की नाही, याची मला शंका आहे. परंतु वर्णन असे चोख आहे की आजच्या विद्यार्थ्यानेही ते जसेच्या तसे पाठ करावे. त्या चिरेतून शिरलेले रक्त कोठवर जाते यावर पुढचे सारे अवलंबून असते. ते हृदयावरणात फुटले तर राजाची गत. हृद्-रोहिणीचे तोंड दाबले तर हुबेहूब हृदयविकाराचा झटका. मानेकडे जाणारी रोहिणी दाबली तर पक्षाघात. हाताची दाबली तर एका मनगटाला नाडी लागते आणि दुसऱ्याला लागत नाही. मुळाशी अगर चढत्या भागात सुरू झालेले डिसेक्शन विनाउपचार राहिले तर पहिल्या दोन दिवसांत दर तासागणिक शेकडा एक ते दोन रोगी दगावतात, असा सर्वमान्य हिशेब आहे.

आता ज्यांच्या भित्तीची वीण जन्मतःच सैल, त्यांच्याविषयी. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फाँ यांनी १८९६ साली गॅब्रिएल नावाच्या पाच वर्षांच्या मुलीचे हातपाय व बोटे विलक्षण लांब व बारीक असल्याचे वैद्यसभेपुढे मांडले, आणि पुढे या रोगाला त्यांचे नाव चिकटले. गमतीचा भाग असा की त्या मुलीला आज आपण ज्याला मार्फानचा रोग म्हणतो तो बहुधा नव्हताच, सांधे आखडणारा दुसराच एक सजातीय विकार होता, असे पुढच्या संशोधकांचे मत आहे. आणि महारोहिणीचा तर मार्फाँ यांच्या वर्णनात उल्लेखही नाही. महारोहिणी या रोगात पसरते व फाटते हे १९४३ साली, म्हणजे जवळजवळ अर्धशतकाने, अमेरिकेतील दोन निबंधांनी स्पष्ट केले; आणि या दोषाचे मूळ फायब्रिलिन नामक प्रथिनाच्या जनुकात आहे हे कळावयास १९९१ साल उजाडले. सुमारे पाच हजारांत एकास हा रोग असतो. मातापित्यांपैकी एकास असला तर प्रत्येक अपत्यास तो येण्याची शक्यता निम्मी. आणि सुमारे चतुर्थांश रोग्यांच्या घराण्यात तो पूर्वी कोणालाच नसतो. उंच शिडशिडीत बांधा, उंचीपेक्षा अधिक भरणारी दोन्ही हातांची वाव, आत दबलेली किंवा पुढे आलेली छाती, कण्याचा बाक, जाड भिंगाचा चष्मा किंवा डोळ्यातील भिंग जागचे सरकलेले: ही लक्षणे सुटी सुटी कोणातही असतात, आणि एकत्र आली तरी आपल्याकडे पोरगा आजोळच्या वळणावर गेला, एवढ्यावर कौतुक करून ती सोडून दिली जातात.

फ्लो हायमन या अमेरिकन व्हॉलीबॉलपटूच्या बाबतीत हे असेच झाले. साडेसहा फुटांच्या आसपास उंची असलेल्या या बाईंनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आपल्या संघाबरोबर रौप्यपदक मिळविले, त्यानंतर त्या जपानमध्ये खेळू लागल्या, आणि जानेवारी १९८६ मध्ये मात्सुए येथे सामना चालू असता बदली खेळाडू आत गेल्यावर बाजूच्या बाकावर येऊन बसल्या त्या तेथेच कोसळल्या. वय ३१. प्रथम हृदयविकाराचा झटका असे ठरले. शवविच्छेदनात फाटलेली महारोहिणी आणि मार्फानचा रोग उघड झाला. जगातील उत्तमोत्तम संघांच्या डॉक्टरांसमोर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या देहावरची खूण कोणालाही वाचता आली नव्हती. मात्र या मृत्यूनंतर त्यांच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच रोग निघाला, आणि त्याची शस्त्रक्रिया वेळेवर होऊ शकली.

इतर कारणांचा परामर्श ग्रंथात सविस्तर आहे; येथे धावता उल्लेख पुरे. शंभरांत एक-दोन माणसे तीनऐवजी दोनच पाकळ्यांची झडप घेऊन जन्माला येतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकांची महारोहिणीही कालांतराने पसरते. पेनिसिलिनपूर्व काळात उपदंशाने या भागाचा नाश होई. तो अध्याय आता बव्हंशी मिटला आहे. जंतुसंसर्गाने झडपेच्या बुडाशी पू साठणे हे मात्र अजून घडते व फार वाईट घडते. आणि तरुण स्त्रियांत विशेषेकरून आढळणारा महारोहिणीचा दाह, ज्याचे पहिले वर्णन जपानच्या ताकायासू यांनी १९०८ साली केले, त्याच्या अभ्यासात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचा वाटा मोठा आहे: प्रफुल्लकुमार सेन, किनरे, पारुळकर आदी मंडळींनी १९६३ साली महारोहिणीच्या मध्यभागाच्या संकोचावर लिहिलेला निबंध परदेशांतही प्रमाण मानला गेला. सेन यांचे नाव आपल्याकडे निघते ते १९६८ च्या हृदयारोपणाच्या संदर्भात. महारोहिणीवरचे त्यांचे काम अधिक टिकाऊ होते असे मला वाटते.

शस्त्रक्रियेचा इतिहास हा या ग्रंथाचा गाभा आहे. गिबन यांचे हृदय-फुप्फुस यंत्र १९५३ साली प्रथम यशस्वी झाले नसते तर या भागाला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. १९५६ साली ह्यूस्टनच्या कूली व डिबेकी यांनी या यंत्राच्या साहाय्याने चढत्या महारोहिणीचा रोगट भाग काढून तेथे पर्यायी नळी बसविली. पण मूळ तसेच राहिले, आणि पसरणे तर बहुधा मुळातच असते. मुळाला हात घालावयाचा तर झडप बदलणे, भित्ती बदलणे आणि दोन्ही हृद्-रोहिणींची तोंडे नव्या नळीला जोडणे ही तीन कामे एकाच बैठकीत, हृदय थांबलेले असता, साधली पाहिजेत. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ह्यू बेंटाल आणि अँटनी दि बोनो यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या लहानशा निबंधात हा पेच सोडविला. त्यांचा रोगी ३३ वर्षांचा, मार्फानचा. भित्ती इतकी विरलेली की झडप व नळी निरनिराळी शिवण्यास धड काठच उरला नव्हता. तेव्हा त्यांनी कृत्रिम झडप आधीच कापडी नळीच्या टोकात शिवून घेतली आणि तो एकच सांधा कड्याला जोडला. आज जगभर या शस्त्रक्रियेस बेंटाल एवढ्या एका नावाने ओळखतात, आणि दि बोनो मागे पडले. सहलेखकांच्या नशिबी बहुधा हेच येते.

ही शस्त्रक्रिया आज कशी करतात याचे ग्रंथकर्त्यांनी केलेले वर्णन मी हस्तलिखितात दोनदा वाचले. उरोस्थी करवतीने मधोमध उघडतात. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देऊन शरीराचा कारभार यंत्राच्या हवाली करतात. महारोहिणीला वर चिमटा लावून पोटॅशियमयुक्त थंड द्रावाने हृदय थांबवितात. मग रोगट मूळ उघडावयाचे. झडप आणि फुगलेल्या भित्ती कापून टाकावयाच्या, मात्र हृद्-रोहिणींच्या दोन्ही मुखांभोवती भित्तीची लहानशी चकती राखावयाची; शस्त्रवैद्य तिला बटण म्हणतात. बेंटाल यांच्या मूळ पद्धतीत ही मुखे जागच्या जागी नळीला शिवीत, आणि टाक्यांवर ताण येऊन तेथेच गळती होई. बटण सुटे करून आणून लावण्याची सुधारणा त्यानंतरची. कड्याभोवती टाक्यांची माळ घालावयाची, प्रत्येक टाका नळीच्या झडपेकडील टोकातून न्यावयाचा, नळी खाली सरकवून एकेक गाठ मारावयाची. डॅक्रॉनच्या नळीला तापल्या टोकाने दोन भोके पाडून त्यांत बटणे बसवावयाची, आणि या ठिकाणी रोहिणीला पीळ पडता कामा नये, ताण येता कामा नये, एवढी एकच चूक सारे काम मातीमोल करू शकते. शेवटी वरचे टोक जोडून, आतली हवा काढून टाकून चिमटा सोडतात. चकतीची यांत्रिक झडप असेल तर त्यानंतर आमरण रक्त पातळ ठेवण्याची गोळी आली, दरमहा-दोन महिन्यांनी रक्ततपासणी आली, आणि पालक-मेथी आज भरपूर व उद्या मुळीच नाही असे करून चालत नाही हे बंधनही आले. अशी झडप स्वदेशात बनविण्याचे श्रेय त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेचे. तिची चित्रा झडप १९९० च्या डिसेंबरात प्रथम माणसात बसविली गेली.

पाकळ्या निर्दोष असता त्या टाकून का द्याव्यात, हा प्रश्न पुढे आलाच. लंडनचे मॅग्दी याकूब व टोरोंटोचे टायरोन डेव्हिड या दोघांनी त्याची दोन निरनिराळी उत्तरे दिली. डेव्हिड यांच्या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत रोग्याची स्वतःची झडप नळीच्या आत उचलून धरून पुन्हा टांगतात, म्हणजे कडे, पाकळ्या, सांधे सारे नळीच्या कह्यात येते. मग नळीत पाणी भरून पाकळ्या मिटून ते धरतात की नाही हे तेथल्या तेथे पाहतात. हे काम अवघड आहे, सर्वांच्या हातचे नाही, आणि पुढे झडप गळू लागली तर दुसरी शस्त्रक्रिया अटळ. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळीतून तरुण रोगी, विशेषतः माता होऊ इच्छिणारी स्त्री, सुटते. डोनाल्ड रॉस यांनी १९६७ साली सुरू केलेली, फुप्फुस-रोहिणीची झडप काढून महारोहिणीत बसविण्याची पद्धत बुद्धीला स्तिमित करणारी असली, तरी मार्फानच्या रोग्यास ती लावू नये, कारण तेथील वीणही तितकीच सैल असते. आणि टाल गोल्सवर्दी या ब्रिटिश अभियंत्याची कथा तर वेगळीच. स्वतःला मार्फान असलेल्या या गृहस्थाने यांत्रिक झडप आणि जन्माची गोळी दोन्ही नाकारली, स्वतःच्या महारोहिणीच्या एमआरआय चित्रांवरून तिची घन प्रतिकृती करविली, तिच्या मापाची विणलेली जाळी तयार केली, आणि २००४ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात ती स्वतःच्याच महारोहिणीभोवती पहिल्याने बसवून घेतली. रोग्याने आपल्या रोगाचा उपाय शोधून त्याचा पहिला प्रयोग स्वतःवर करून घेतल्याचे असे उदाहरण विरळा.

इतके सांगूनही मूळ मुद्दा राहतोच, आणि तो कोणती शस्त्रक्रिया हा नसून केव्हा हा आहे. १९७२ सालच्या एका प्रसिद्ध पाहणीत मार्फानच्या रोग्यांचे मृत्युसमयीचे सरासरी वय ३२ निघाले होते. १९७६ पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये व्हिन्सेंट गॉट यांनी अशा रोग्यांची मुळे फाटण्यापूर्वीच बदलण्यास आरंभ केला; आणि १९९९ साली त्यांनी व इतर केंद्रांतील सहकाऱ्यांनी मिळून ६७५ रोग्यांचा जो ताळेबंद मांडला, त्यात ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात शेकडा दीड रोगी दगावले होते, आणि तातडीच्या, जिवावर बेतल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर शेकडा ११.७. शस्त्रवैद्य त्याच तोलाचे आणि रोगही तोच. फरक पडला तो तारखेचा. म्हणूनच आज सामान्यतः साडेपाच सेंटिमीटरला, मार्फानमध्ये पाचाला, आणि घराण्यात कोणाची महारोहिणी फाटलेली असेल, माप झपाट्याने वाढत असेल अथवा स्त्रीला गर्भधारणेची इच्छा असेल तर त्याहूनही आधी शस्त्रक्रियेचा विचार करतात.

येथे आम्हा फिजिशियनांची खरी कसोटी आहे. समोर बसलेल्या, जिना चढून आलेल्या, काहीही होत नसलेल्या तरुणास छाती उघडून घेण्यास सांगणे सोपे नाही. आणि ते सांगावयाचे कशाच्या बळावर, तर पडद्यावरच्या दोन खुणांमधील अंतराच्या. दोन मोजणाऱ्यांत दोन मिलिमीटरांचा फरक सहज पडतो. एकाने फुगवट्यांच्या पातळीवर मोजले आणि दुसऱ्याने त्यांच्या वर, तर अधिकही. आणि त्या फरकाला रोगाची वाढ समजून रोग्याची झोप उडविणारे, किंवा खऱ्या वाढीला मोजणीतला फरक समजून वर्षभर थांबविणारे, दोन्ही प्रकारचे डॉक्टर माझ्या पाहण्यात आहेत. यास्तव शक्य तोवर एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, ठराविक मुदतीने माप घ्यावे आणि जुनी चित्रे नव्यांशेजारी ठेवून पाहावी, हा ग्रंथकर्त्यांचा आग्रह मला पूर्ण पटतो. मध्यंतरीच्या काळात रक्तदाब व नाडीची गती आटोक्यात ठेवणारी औषधे नेमाने घ्यावयाची, आणि वजने उचलणे, चढाओढीचे खेळ वर्ज्य करावयाचे.

निर्णय करणे शस्त्रवैद्यालाही किती जड जाते याचा नमुना खुद्द मायकेल डिबेकी. महारोहिणीच्या डिसेक्शनवरील शस्त्रक्रिया ज्यांनी घडविली, तेच ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, घरी व्याख्यानाची तयारी करीत असता मानेपर्यंत चढलेल्या कळेने घेरले गेले. निदान त्यांनी स्वतःच केले, आणि शस्त्रक्रियेस नकार दिला. फेब्रुवारीत त्यांची शुद्ध हरपल्यावर पत्नीचा आग्रह, सहकाऱ्यांतील मतभेद आणि रुग्णालयाच्या नीतिसमितीची रात्रीची बैठक, इतके सारे होऊन त्यांच्याच पद्धतीने त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. कित्येक महिन्यांनी ते बरे होऊन कामावर परतले, आणि २००८ च्या जुलैत ९९ व्या वर्षी निवर्तले. रोग्याने नाही म्हटले असता शस्त्रक्रिया करावयास हवी होती काय, यावर ग्रंथकर्ते स्पष्टपणे होय म्हणतात. मी तितका निःशंक नाही. डिबेकी यांनी नंतर समाधान व्यक्त केले ही गोष्ट आधीच्या नकाराला रद्द करते असे मला वाटत नाही.

ग्रंथाविषयी दोन तक्रारी नोंदवून ठेवतो. जनुकांचे प्रकरण सामान्य वाचकास जड जाईल, आणि खर्चाचा विचार फार त्रोटक आला आहे. वस्तुतः आपल्याकडे शस्त्रक्रिया लांबणीवर पडण्याचे कारण बहुतेक वेळा भीती नसून पैसा असतो. लग्नकार्याविषयी मात्र त्यांनी जे बजावले आहे ते मोलाचे आहे: मुलीचा वा मुलाचा हा रोग स्थळापासून लपविण्याची आपली वहिवाट गरोदरपणात प्राणघातक ठरू शकते, कारण त्या अवस्थेत पसरलेले मूळ फाटण्याचा धोका वाढतो, आणि तो धोका ज्यांनी पत्करावयाचा त्यांना त्याची माहिती असणे हा त्यांचा हक्क आहे.

वाचकास विनंती एवढीच. घरात कोणी अकाली, अचानक, 'हार्ट अॅटॅक'ने गेल्याचे सांगितले जात असेल आणि कोणी विशेष उंच, लांब बोटांचे, जाड चष्म्याचे असेल, तर त्या सर्वांचा एकदा इको करून महारोहिणीच्या मुळाचे माप सेंटिमीटरांत लिहून घ्यावे, आणि तो कागद जपून ठेवावा. आणि माझ्या तालुक्याच्या गावी बसलेल्या व्यवसायबंधूंस विनंती अशी, की छातीत एकाएकी उठून पाठीत आरपार गेलेली कळ घेऊन रोगी आला, तर कार्डिओग्राम पाहून रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन टोचण्यापूर्वी त्याच्या दोन्ही हातांची नाडी आणि दोन्ही हातांचा रक्तदाब पाहावा. त्यास दोन मिनिटे लागतात. आणि त्यात तफावत निघाली तर इंजेक्शन बाजूला ठेवून, रक्तदाब उतरवून, रोग्यास सीटी स्कॅन व हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या शहराकडे ताबडतोब रवाना करावे.